ऑक्साइडचे पातळ थर आणि त्यांतली वीज : शंका-समाधान

गेल्या महिन्यात या सदरात मोबाईलच्या चिपविषयी लिहिताना मी एक वाक्य लिहिले होते : ऑक्साइडचे दोन पातळ थर जिथे टेकतात, तिथे सेंटिमीटरला कोटी व्होल्टचे विद्युतक्षेत्र असते. त्या एका वाक्यावर अमरावती, अकोला, दर्यापूर, चांदूर बाजार अशी चहूकडून पत्रे आली. वाक्य खरे होते, पण अपुरे होते, आणि अपुऱ्या वाक्याने घरोघरी काळजी पोचली. म्हणून या वेळचे सगळे सदर त्याच विषयाला दिले आहे.

"माझी मुलगी अमरावतीला एम.एस्सी. झाली आणि आता पुण्याला पीएच.डी. करते. ऑक्साइडच्या फिल्मांमध्ये विद्युतक्षेत्र 'घडवायचं' काम आहे म्हणते. तुमच्या लेखात कोटी व्होल्ट वाचलं आणि माझ्या जिवाला घोर लागला. आमच्या गल्लीतला एक मुलगा गच्चीवरून हायटेन्शनच्या तारेला लागून गेला, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलगी रोज फोनवर 'आई, काही नसतं गं' म्हणते. मला वाटतं ती लपवते. तिला परत बोलावून घेऊ का?" – एक आई, राजापेठ, अमरावती

नका बोलावू, ताई. ती काही लपवत नाही. गल्लीत जे पाहिले ते मनातून जाणारे नाही, आणि म्हणूनच त्या तारेतली वीज आणि तुमच्या मुलीच्या कामातली वीज यांतला फरक नीट समजून घ्या. व्होल्ट म्हणजे उंची आणि विद्युतक्षेत्र म्हणजे उतार, असे धरा. चिखलदऱ्याला भीमकुंडाचा कडा सरळ उभा आहे. तुमच्या घरच्या ओट्याची पायरीही तितकीच सरळ उभी आहे. उतार दोन्हीकडे सारखा; पण पायरीवरून उतरताना कोणी देवाचे नाव घेत नाही, कारण उंची वीतभर आहे. मुलीच्या फिल्मची जाडी एखाद-दोन नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असते. वहीचा कागद सुमारे एक लाख नॅनोमीटर जाड असतो. एवढ्याशा अंतरात एक व्होल्ट, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलपेक्षाही कमी, उतरला तरी गणित मांडले की सेंटिमीटरला कोटी व्होल्ट येतात. आकडा खरा आहे. पण तो फिल्मच्या आत राहतो, बाहेर बोटभरही येत नाही. तारेची गोष्ट वेगळी. तिथे उंचीच हजारो व्होल्टची असते.

खरी जपणूक लागते ती दुसऱ्या दोन ठिकाणी, आणि त्याबद्दल मुलीला मोकळेपणाने विचारा. हे थर पुष्कळदा लेसरच्या झोताने बनवतात. निर्वात पेटीत लेसर पदार्थाच्या गोळीवर आदळतो, टिचभर निळसर-जांभळी ज्योत उठते आणि समोरच्या नखाएवढ्या स्फटिकावर थर बसतो. ज्योत दिसते, पण तो लेसर बहुधा अतिनील असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याचा मार्ग झाकलेला हवा आणि चष्मा लेसरच्या जातीचाच हवा. दुसरे म्हणजे स्फटिक धुण्यासाठी वापरतात ते हायड्रोफ्लोरिक आम्ल. ते कातडीवर पडले तर सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत हाडापर्यंत इजा करते. प्रयोगशाळेत कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम आहे ना, आणि हे आम्ल हाताळताना दुसरे माणूस सोबत असते ना, एवढे विचारा. थेंब जरी लागला तरी भरपूर पाण्याने धुवायचे, मलम लावायचे आणि दुखत नसले तरी तडक रुग्णालय गाठायचे. या दोन प्रश्नांची उत्तरे ती सहज देऊ शकली, तर तुमची मुलगी योग्य हातांखाली आहे.

"मागेल त्याले सौर पंप योजनेतून वावरात पाच एचपीचा पंप बसोला. संत्र्याचा बगीचा हाय. गावातला एक जन म्हने, का नव्या पॅनलच्या पाठीमांगं ऑक्साइड लावलेलं असते, ऑक्साइड म्हंजे जंग, दोन सालात पॅनल सडते अन् करंट जमिनीत उतरते. झाडाइच्या मुळाले करंट लागन काय? पैसा भरून बसलो, आता मले झोप नाई." – एक कास्तकार, चांदूर बाजार तालुका

भाऊ, बगीच्याच्या मुळांना काही होणार नाही. त्या गृहस्थांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे : नव्या पॅनलांतल्या पुष्कळ सेलांच्या पाठीवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर खरोखर असतो. पण ऑक्साइड म्हणजे जंग नव्हे. ज्या पदार्थाशी प्राणवायू जोडला गेला तो ऑक्साइड. लोखंडाचा जंग हा एक ऑक्साइड, नदीची वाळू म्हणजे बहुतांशी सिलिकॉनचा ऑक्साइड, आणि अंगठीतले माणिक म्हणजे ॲल्युमिनियमचाच ऑक्साइड. जंग पोकळ असतो, फुगतो आणि खपल्या धरून सुटतो. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड घट्ट बसतो आणि खालच्या वस्तूला राखतो.

तो तिथे मुद्दाम घातलेला आहे. सूर्यप्रकाशाने सिलिकॉनमध्ये जे इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांतले काही मागच्या पृष्ठभागाशी जाऊन वाया जातात. ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि सिलिकॉन यांच्या सीमेवर ऋण विद्युतभार कायमचा अडकून बसतो, आणि तो या इलेक्ट्रॉनांना मागे लोटतो. बांधावर काट्यांचे कुंपण घातले की जनावर वावरातच राहते, तसे. पॅनलच्या पाठीची ही राखण १९८९ साली ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने पहिल्यांदा मांडली. ॲल्युमिनियम ऑक्साइड तिच्यात नंतर आला, आणि आता ती तुमच्या वावरात पोचली आहे. शिवाय सेल काच आणि प्लॅस्टिक यांच्या मध्ये बंद असतो, त्याला हवापाणी लागत नाही.

भीती बाळगायचीच तर तारांची बाळगा. ऊन आहे तोवर पॅनलच्या तारांत वीज असतेच. पंप बंद केला म्हणून ती जात नाही. एका ओळीत जोडलेल्या पॅनलांचा दाब शेकड्यांत जातो, आणि ही एका दिशेची वीज असल्याने ठिणगी पडली तर लवकर विझत नाही. उंदराने कुरतडलेली तार दिसली, सांगाडा हाताला चुणचुणला, किंवा अर्थिंगची तार सुटलेली दिसली, तर हात लावू नका. पंप बसवणाऱ्या कंपनीचा माणूस किंवा परवानाधारक वायरमनच बोलवा. योजनेत पाच वर्षे दुरुस्तीची हमी आहे, ती वापरा. पाणी कमी येऊ लागले तर आधी काचेवरची धूळ आणि विहिरीची पातळी पाहा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते.

"आईचं वय ७२. मांडीचं हाड मोडलं म्हणून अकोल्याला टायटॅनियमची सळई टाकली. नातवानं कुठूनतरी वाचून दाखवलं की टायटॅनियमवर ऑक्साइडची फिल्म असते आणि त्यात लाखो व्होल्टचं क्षेत्र असतं. तेव्हापासून ती मोबाईल जवळ घेत नाही, मिक्सरला हात लावत नाही. तिला आतून करंट लागेल का?" – एक मुलगा, मूर्तिजापूर

नाही. आईंना मोबाईल द्या, मिक्सरही लावू द्या. नातवाने वाचले ते खरे आहे, पण ते क्षेत्र आईंचा वैरी नसून राखणदार आहे. टायटॅनियम हवेत येताच त्याच्यावर काही नॅनोमीटरचा ऑक्साइड धरतो. धातूतले इलेक्ट्रॉन हा थर ओलांडून वरच्या प्राणवायूकडे जातात, त्यामुळे थरात तीव्र क्षेत्र तयार होते, आणि ते क्षेत्र धातूच्या आयनांना (विद्युतभारित अणूंना) बाहेर ओढून थर वाढवते. थर जाडावला की तेच क्षेत्र ओसरते आणि वाढ थांबते. हा हिशेब कॅब्रेरा आणि मॉट यांनी १९४९ साली मांडला. असा आपोआप थांबणारा थर अंगावर आहे म्हणूनच टायटॅनियम शरीरात वर्षानुवर्षे टिकते. त्यातून शरीरात वीज येत नाही.

मांडीत नव्याने दुखणे, ताप, सूज, जखमेतून पाणी येणे, पाय टाकता न येणे यांतले काहीही झाले तर मात्र त्याच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, घरी शेकत बसू नका. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर सळईची गोष्ट आधी सांगा आणि शस्त्रक्रियेचे कार्ड सोबत ठेवा.

"जठारपेठेत माझं मोबाईल दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. पावसाळ्यात काम नीट होतं. एप्रिल-मे लागला की चांगले बोर्ड माझ्या हातात मरतात. गिऱ्हाईक म्हणतं तूच बिघडवला. शेजारी म्हणतो तुझ्या अंगातच वीज आहे. माझ्या शरीरात काही दोष आहे का? की हा धंदाच सोडू?" – अकोला

तुमच्या शरीरात काही दोष नाही. हवेत ओल राहिलेली नाही, एवढेच. अकोल्याचा पारा ४५च्या वर गेला की हवा इतकी कोरडी होते की चालताना, खुर्चीवरून उठताना, टेरिकॉटचा शर्ट पाठीला घासताना अंगावर साठलेला विद्युतभार उतरत नाही. सुमारे तीन हजार व्होल्टच्या खाली त्याचा झटका माणसाला जाणवतही नाही. चिपला मात्र त्याच्या कितीतरी आधी इजा होते, कारण चिपच्या प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या फाटकाशी ऑक्साइडचा थर आहे.

त्या थराची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वी तो सिलिकॉन ऑक्साइडचा असे. तो पातळ करत करत १.२ नॅनोमीटरवर, म्हणजे जेमतेम पाचेक अणूंवर आला, तेव्हा त्यातून इलेक्ट्रॉन गळू लागले. २००७ साली इंटेलने त्या जागी हाफ्नियमच्या ऑक्साइडचा थर आणला. तो जाड ठेवूनही तितकेच काम करतो. मग आणखी एक युक्ती निघाली. हाफ्नियम ऑक्साइडपाशी लँथॅनम किंवा ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा अगदी नाममात्र थर दिला की सीमेवर द्विध्रुव (एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण भार असलेली जोडी) बसतो, आणि ट्रान्झिस्टर किती व्होल्टला उघडायचा ते त्याच्यावरून ठरवता येते. गेल्या महिन्यातल्या माझ्या वाक्याचा अर्थ हाच होता : सीमेवरचे क्षेत्र मोजून-मापून बसवलेले असते. तुमच्या बोटातून उतरलेला भार ते एका क्षणात मोडतो. कधी चिप लगेच मरते, कधी नुसती जखमी होऊन आठवड्याने मरते, आणि गिऱ्हाईक परत येते.

मनगटाला पट्टा बांधा. पट्ट्यात दहा लाख ओहमचा रोधक असतो, तो असलाच पाहिजे. साधी उघडी तार हाताला बांधून अर्थिंगला जोडणे जिवावर बेतेल. पट्टा जोडण्याआधी दुकानाचे अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. टेबलावर स्थितिक विजेसाठीची चटई, अंगात सुती शर्ट, सुटे बोर्ड खास पिशवीत. आणि दुकानात वाळ्याचा कूलर लावा : त्याची ओल चिपांना वाचवेल, तुम्हालाही बरे वाटेल. धंदा सोडू नका. बाकीच्या वाचकांनी काळजी करू नये. बंद फोनला आतून संरक्षण असते, खिशात ठेवल्याने तो असा मरत नाही.

"स्वयंपाकघरात गॅसचा अलार्म लावला. फोडणी दिली, अगरबत्ती लावली, झुरळांचं औषध फवारलं की ओरडतो. सासूबाईंनी आता वायरच काढून ठेवली आहे. बिघडला आहे का?" – एक गृहिणी, साईनगर, अमरावती

बिघडलेला नाही, फक्त वास ओळखण्यात तो भोळा आहे. त्याच्या पोटात टिन ऑक्साइडचे तापवलेले कण असतात. हवेतला प्राणवायू कणांवर बसून इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे कणाकणांच्या सीमेवर विजेला अडसर तयार होतो. जळाऊ वाफ आली की ती प्राणवायूला उचलून नेते, अडसर उतरतो आणि अलार्म वाजतो. फोडणीच्या धुरात, फवाऱ्यातही अशा वाफा असतात. अलार्म शेगडीच्या अगदी वर असेल तर थोडा दूर, पण जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. सासूबाईंना माझा निरोप सांगा की वायर पुन्हा लावा. फोडणी नसताना तो ओरडला तर कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवा.

"मी अकोट तालुक्यातला. पीएच.डी.चं तिसरं वर्ष. स्ट्रॉन्शियम टायटॅनेटवर लँथॅनम ॲल्युमिनेटचा थर देतो. दोन्ही विसंवाहक, पण सीमेवर वीज वाहायला हवी असं सगळ्या पेपरांत आहे. माझा एक नमुना वाहतो, तीन वाहत नाहीत, आणि पाचवा इतका वाहतो की सर म्हणतात हा खोटा आहे. बाबांनी कर्ज काढून शिकवलं. दोन महिने झोप नाही. माझ्या हातालाच गुण नाही. घरी येऊन वावर पाहू का?"

आधी झोपेचे बोलू. दोन महिने झोप नसणे हा भौतिकशास्त्राचा प्रश्न नाही. या आठवड्यातच विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरांना भेटा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोला. पैसे लागत नाहीत, आणि कोणाला कळतही नाही. घरी यायचे की नाही ते झोप आल्यावर ठरवा.

आता नमुने. तुमच्या हाताला गुण नाही असे या पाच निकालांवरून मला मुळीच दिसत नाही. २००४ साली ओटोमो आणि ह्वांग यांनी या दोन विसंवाहकांच्या सीमेवर वीज वाहते असे दाखवले, आणि त्यानंतर जगभरातल्या प्रयोगशाळांना असेच उलटसुलट निकाल आले. कारण या सीमेवर दोन वेगळ्या गोष्टी एकाच रूपात येतात.

पहिली म्हणजे खरी. लँथॅनम ॲल्युमिनेटचे अणुथर आलटून-पालटून धन आणि ऋण असतात. प्रत्येक जोडी रचली की आतल्या विभवाची (विजेच्या उंचीची) एक पायरी चढते. मघाशी राजापेठच्या आईंना सांगितलेली ओट्याची पायरीच ही, फक्त इथे पायरीवर पायरी रचली जाते. चार जोड्या झाल्या की उंची इतकी होते की इलेक्ट्रॉन वरून सुटून सीमेवर उतरतात. म्हणून तीन थरांना काहीच वाहत नाही आणि चौथ्याला एकदम वाहते. हे आउग्सबुर्गच्या गटाने २००६ मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०.२ अंशांवर हीच सीमा अतिसंवाहक (विजेला कसलाही रोध न करणारी) होते असेही दिसले. दुसरी गोष्ट म्हणजे फसवी. थर देताना पेटीत प्राणवायू फार कमी असेल तर खालच्या स्फटिकातूनच प्राणवायूचे अणू निघून जातात, त्यांच्या रिकाम्या जागा इलेक्ट्रॉन सोडतात, आणि सीमा नव्हे तर सगळा ठोकळाच वाहू लागतो. यांतला कोणता वाटा किती, यावर जाणकारांचे अजून एकमत नाही.

तुमचा पाचवा नमुना मला दुसऱ्या जातीचा वाटतो. तो प्राणवायूत तापवून पुन्हा मोजा. वाहणे ओसरले तर सर बरोबर आहेत. इलेक्ट्रॉनही मोजा. दर चौरस सेंटिमीटरला ३.३ गुणिले १०चा १४वा घात, याहून जास्त आले तर ते सीमेतून येऊच शकत नाहीत. तरुणपणी मीही झिंक ऑक्साइडच्या एका फिल्मचे सहा महिने कौतुक केले होते, आणि ते सगळे प्राणवायूच्या उणिवेचे निघाले. त्या सहा महिन्यांत मी जे मोजायला शिकलो ते आजही उपयोगी पडते. आणि हे काम मराठी मुलखाला नवे नाही. पूर्वी पुण्याच्या विद्यापीठात लेसरने असे थर बनवणाऱ्या सतीशचंद्र ओगले यांनी संपादित केलेला 'थिन फिल्म्स अँड हेटरोस्ट्रक्चर्स फॉर ऑक्साइड इलेक्ट्रॉनिक्स' हा ग्रंथ २००५ साली निघाला. ग्रंथालयात मिळाला तर जरूर वाचा.

न वाहणाऱ्या तिघांसाठी वाढलेले थर आधी पुन्हा मोजा; एखाद वेळी तीनच झाले असतील. मग खालचा स्फटिक पाहा. तो टायटॅनियमच्या अणुथरावर संपायला हवा. स्ट्रॉन्शियमच्या थरावर संपत असेल तर कितीही थर द्या, वीज वाहणार नाही. अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली थर देण्याआधीचा कोरा स्फटिक ठेवा : पायऱ्या ०.३९ नॅनोमीटरच्या दिसल्या तर तुमची धुलाई नीट झाली आहे, आणि मधेमधे ०.२ च्या अर्ध्या पायऱ्या दिसल्या तर दोन्ही शेवट मिसळले आहेत. तसे असेल तर धुलाई आणि भट्टीचे तापमान सरांसोबत बसून बदला. धुलाईचे हायड्रोफ्लोरिक आम्ल एकट्याने हाताळू नका. मोजण्याआधी नमुना एक दिवस अंधारात ठेवा, कारण प्रयोगशाळेच्या दिव्यानेही त्यात इलेक्ट्रॉन सुटतात आणि तासन्‌तास राहतात. पायऱ्यांचे चित्र हाती आले की मला पाठवा, आपण दोघे मिळून पाहू.